सांध्यातली गाठ आणि ‘सीडी ६८’ची गोष्ट

बायॉप्सीच्या रिपोर्टवर ‘सीडी ६८ पॉझिटिव्ह’ असे वाचून अनेक रुग्ण घाबरतात. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर, असा समज होतो. तो चुकीचा आहे. का, हे समजायला या तपासणीचा थोडा इतिहास पाहू.

सांध्याला आतून पातळ अस्तर असते. त्यात मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी असतात : कचरा गिळणाऱ्या भक्षक पेशी आणि सांध्याचे वंगण तयार करणाऱ्या पेशी. काही जणांमध्ये, बहुधा गुडघ्यात, हे अस्तर जाड होऊन त्याच्या गाठी बनतात. सांधा सुजतो आणि आत रक्तस्राव होऊन पाणी तपकिरी येते.

१९४१ साली न्यूयॉर्कच्या जाफे, लिख्टेनस्टाइन आणि सुट्रो या डॉक्टरांनी याला ‘पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस’ असे नाव दिले. ‘आयटिस’ म्हणजे दाह. सूक्ष्मदर्शकाखाली भक्षक पेशींचीच गर्दी दिसत असल्याने हा दाहाचा प्रकार असावा, असे त्यांना वाटले.

योगायोग असा, की त्याच वर्षी अल्बर्ट कून्स यांनी अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून दाखवला. प्रत्येक जातीच्या पेशीवर ठरावीक प्रथिने असतात. त्या प्रथिनाला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी वापरली, की पेशीची ओळख पटते. १९७५ मध्ये कोलर आणि मिल्स्टाइन यांनी एकसारख्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवण्याची पद्धत शोधली आणि ही तपासणी पुढे जगभर पोहोचली.

मग या गाठींतल्या पेशी वेगळ्या ओळखता आल्या. सीडी ६८ने भक्षक पेशी आणि महाकाय पेशी रंगल्या. क्लस्टेरिन या प्रथिनाने मात्र दुसऱ्याच, अस्तराच्या पेशींशी नाते सांगणाऱ्या पेशी रंगल्या.

खरा उलगडा २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी केला. गुणसूत्रातला बिघड गाठीतल्या केवळ २ ते १६ टक्के पेशींत होता. या थोड्या पेशी ‘सीएसएफ-१’ हे प्रथिन भरमसाट बनवतात आणि त्याच्या हाकेने भक्षक पेशी गोळा होतात. म्हणजे गर्दी पाहुण्यांची, यजमान मोजकेच! म्हणूनच आज हा आजार गाठ मानला जातो : टेनोसायनोव्हियल जायंट सेल ट्यूमर.

या शोधाचा रुग्णांना थेट फायदा झाला. मुख्य उपचार आजही शस्त्रक्रियाच आहे. पण ज्यांना ती फारशी उपयोगाची नाही, त्यांच्यासाठी सीएसएफ-१ची हाक अडवणारे पेक्सिडार्टिनिब हे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून ते काटेकोर देखरेखीखालीच देण्याची अट घालण्यात आली.

तेव्हा लक्षात ठेवा : सीडी ६८ पॉझिटिव्ह म्हणजे ‘इथे भक्षक पेशी आहेत’, एवढेच. त्या क्षयरोगात आणि संधिवातातही असतात. निदान एका शब्दावर नाही, तर एमआरआय, स्लाइड आणि तपासणी एकत्र पाहून होते. ही गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. पण ती परत येऊ शकते आणि सांधा झिजवू शकते. म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका.