शब्दवेध : विडिया

हार्डवेअरच्या दुकानात 'विडिया बिट द्या' म्हटलं की दुकानदाराला पुढे काही विचारावं लागत नाही. लेथवरचा कारागीरही 'विडिया टूल' म्हणतो. शब्द इतका घरचा झालाय, की तो जर्मन आहे हे सांगूनही पटत नाही. 'वी डियामांट', म्हणजे 'हिऱ्यासारखा'. या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून झालं 'विडिया'.

बर्लिनच्या ओस्राम कंपनीत दिव्यांची टंगस्टनची तार हिऱ्याच्या साच्यातून ओढत. हिरा महाग, म्हणून पर्याय शोधताना 1923 साली कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टने सांधली. एसेनच्या क्रुप कंपनीने 1926 साली हा पदार्थ 'विडिया' नावाने बाजारात आणला.

विडियाच्या कठीणपणाचं मर्म फटीत आहे. टंगस्टनचे अणू मोठे. त्यांच्या रचनेत राहिलेल्या पोकळ्यांत कार्बनचे इवले अणू जाऊन बसतात आणि धातूशी घट्ट बांधले जातात. मग अणूंचे थर एकमेकांवरून सरकत नाहीत. अशा संयुगांना 'इंटरस्टिशियल' म्हणतात. लॅटिन मूळ अर्थ 'मध्ये उभं असलेलं'. मला हा शब्द फार नेमका वाटतो.

भिंतीला भोक पाडायचा बिट हातात घेऊन टोक पाहा. पोलादी दांड्याच्या खाचेत डाळीएवढी करडी चकती डाग देऊन बसवलेली दिसेल, दांड्याहून किंचित रुंद. विडिया म्हणजे तेवढीच. बाकी सगळं साधं पोलाद.