घरातील ‘नॅस’ : वेग ठरतो तो जोडणीवर

‘नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज’ अर्थात ‘नॅस’ म्हणजे घरातील सर्व संगणक, मोबाइल आणि स्मार्ट टीव्ही यांना एकाच वेळी वापरता येणारे सामायिक साठवण यंत्र. त्यात एक किंवा अधिक हार्ड डिस्क असतात आणि ते राउटरला जोडले जाते. कुटुंबाची छायाचित्रे, चित्रफिती व कागदपत्रे एके ठिकाणी ठेवणे हा त्याचा मुख्य उपयोग. मात्र यंत्र चांगले असूनही फायली संथपणे उघडत असतील, तर दोष बहुधा जोडणीत असतो.

इंटरनेटचा संबंध नाही
नॅस आणि संगणक यांच्यातील माहिती घरातल्या घरातच फिरते. त्यामुळे इंटरनेटचा वेगवान प्लॅन घेऊन हा वेग वाढत नाही; उलट इंटरनेट बंद असतानाही नॅस वापरता येते.

पोर्ट आणि केबल
संपूर्ण मार्गाचा वेग त्यातील सर्वांत संथ दुव्याइतकाच असतो. अनेक स्वस्त राउटरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असतात. त्यांतून सेकंदाला सुमारे १२ मेगाबाइट माहिती जाते, तर गिगाबिट पोर्टमधून सुमारे ११०. म्हणजेच १०० गिगाबाइटच्या संग्रहाला पहिल्या मार्गाने सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागतो, दुसऱ्याने जेमतेम पंधरा मिनिटे.

राउटर जुना असल्यास तो बदलण्याची गरज नाही. गिगाबिट स्विच घेऊन नॅस व संगणक त्याला जोडावेत आणि स्विच राउटरला जोडावा. केबल ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ प्रकारची असावी. गिगाबिटसाठी केबलमधील आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटल्यास जोडणी चालू राहते, पण अनेकदा वेग मात्र दहापट घटतो. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग पाहिल्यास हा दोष लगेच कळतो.

वायफायची मर्यादा
नॅस केबलनेच जोडावे. वायफायचा वेग सर्व उपकरणांत वाटला जातो आणि गोव्यातील जुन्या घरांच्या जाड चिरेबंदी भिंतींत त्याची लहर क्षीण होते. मोबाइल वायफायवर असले तरी चालेल. मोठ्या फायली हाताळणारा संगणक केबलवर असावा.

पत्ता आणि सुरक्षितता
राउटरच्या सेटिंगमध्ये नॅससाठी एक आयपी पत्ता राखून ठेवावा. अन्यथा तो बदलल्यास जोडलेले फोल्डर सापडेनासे होतात. मूळ पासवर्ड त्वरित बदलावा आणि नॅस थेट इंटरनेटवर खुले करू नये.

दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी ‘रेड १’ रचना एक डिस्क निकामी झाल्यास उपयोगी पडते. परंतु चुकून पुसलेली फाइल, खंडणीखोर व्हायरस किंवा पावसाळ्याच्या तोंडावर कोसळणारी वीज यांपासून ती वाचवत नाही. त्यासाठी यूपीएस आणि सर्ज प्रोटेक्टर वापरावेत. शिवाय महत्त्वाच्या फायलींची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो घराबाहेर, ठेवावी.