रमादीचं ऊन आणि बंगळुरूची साइट

बंगळुरूला पोस्टिंग आलं की नातेवाईक म्हणतात, "मजा आहे, थंड हवेचं गाव!" सुमारे ९०० मीटर उंचीवरचं हे शहर तसं सुखाचंच. पण २४ एप्रिल २०१६ रोजी इथे ३९.२ अंश तापमान नोंदलं गेलं. आणि माणसाला ऊन लागतं ते केवळ पारा चढल्यामुळे नाही. हे शिकायला फौजांना फार मोठी किंमत मोजावी लागली.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, आपल्या मराठा पलटणी होत्या, तशाच बंगळुरूच्या मद्रास सॅपर्सच्या कंपन्याही होत्या. जुलै १९१७ मध्ये ऐन उन्हाळ्यात ब्रिटिश-भारतीय फौजेनं युफ्रेटिसवरच्या रमादीवर हल्ला केला आणि तो फसला. एकूण ५६६ जवान कामी आले किंवा निकामी झाले. त्यांतले ३२१ उष्णतेनं! तुर्कांच्या गोळ्यांपेक्षा उन्हानंच जास्त माणसं पाडली. ऊन ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर दुसरा हल्ला झाला आणि रमादी पडली.

त्या काळी आणि पुढेही बरीच वर्षं अनेक अधिकाऱ्यांची समजूत होती की, कमी पाण्यावर भागवायची सवय जवानाला लावता येते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शास्त्रज्ञ अ‍ॅडॉल्फ यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर प्रयोग करून ती खोडून काढली. शरीराला उन्हाची सवय होते, तहानेची होत नाही.

पुढे अमेरिकेत पॅरिस आयलंडच्या मरीन प्रशिक्षण केंद्रात रंगरूट उन्हानं कोसळू लागले, तेव्हा यॅग्लू आणि मिनार्ड यांनी १९५७ मध्ये नवं मोजमाप मांडलं. ओल्या फडक्याच्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हातल्या काळ्या गोळ्याला २० आणि साध्या थर्मामीटरला फक्त १० टक्के. कारण हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात पारा अडतीसच्या आसपास होता. तिथे १४ माणसं गेली, आणि ती तर नुसती बसलेली होती.

हे लिहायचं कारण म्हणजे इथे दिसणाऱ्या बांधकामाच्या साइट. सेंट्रिंगवर लोखंड बांधणारे कामगार रायचूर, कलबुर्गी, बिहारकडचे. मुकादम म्हणतो, "यांना उन्हाची सवय आहे साहेब." पण गावी महिनाभर सावलीत राहून आलेल्या माणसाची ती सवय बरीचशी ओसरलेली असते. ती परत यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि सर्वांत धोका पहिल्या काही दिवसांतच असतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी थोडंच काम द्यावं आणि रोज थोडं थोडं वाढवावं.

आपले कितीतरी निवृत्त बांधव अशा साइटवर सिक्युरिटी किंवा सुपरवायझर म्हणून काम करतात. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. डोकं दुखणं, मळमळ, पेटके, चक्कर, भरपूर घाम ही पहिली घंटा. लगेच काम थांबवा, सावलीत न्या, मीठ-साखरेचं पाणी पाजा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. अंग घामानं ओलं आहे म्हणून फसू नका. कष्टाचं काम करणाऱ्याला घाम सुटत असतानाही उष्माघात होतो. एकानं १०८ ला फोन करावा. बाकीच्यांनी कपडे सैल करून अंगावर पाण्याचा मारा करावा, वारा घालावा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ ठेवावा. अ‍ॅम्ब्युलन्सची वाट बघत हे थांबवू नका. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

जवान स्वतःहून "थकलो" म्हणत नाही. रोजंदारीवरचा कामगारही म्हणत नाही, कारण त्याची हजेरी बुडते. म्हणून पलटणीत पाणी आणि विश्रांती हुकमानं दिली जाते. साइटवरही ती तशीच द्या, आणि त्या वेळेची मजुरी कापू देऊ नका.