एकाच सावकाराची दोन कुळे : अमेरिकेतील शेतकरी चळवळ आणि वर्णभेद



इतिहासाच्या तासाला एकदा अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय निघाला. "१८६५ साली यादवी युद्ध संपले व गुलाम मुक्त झाले," असे सांगून मी पुस्तक मिटणार, तोच मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, मुक्त झाले, पण मग ते खाणार काय? त्यांना जमीन कोणी दिली का?" तेवढ्यात घंटा झाली आणि उत्तर द्यायचे राहून गेले. ते उत्तर आज या स्मरणिकेच्या निमित्ताने आपणा सर्वांसमोर ठेवीत आहे. विषय दूरदेशीचा असला तरी आपण तो शेवटपर्यंत वाचावा, अशी विनंती आहे.

जमीन मिळाली नाही, हे त्या प्रश्नाचे सरळ उत्तर. युद्ध संपत असता एका सेनापतीने समुद्रकाठची काही जमीन मुक्त गुलामांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला होता. पण त्याच वर्षी नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन बहुतांशी जुन्या मालकांना परत केली. १८६८ साली काळ्या लोकांना नागरिकत्व मिळाले, १८७० साली पुरुषांना मताचा हक्क मिळाला. हाती मत आले, पण पायाखाली जमीन आली नाही. मग ज्या मालकाकडे काल गुलामी केली, त्याच्याच शेतावर माणसे अर्धेलीने राबू लागली. बियाणे, खेचर, नांगर मालकाचा. पिकाचा अर्धा वाटाही मालकाचा.

उरलेल्या अर्ध्याचे काय? तेथे दुकानदार उभा होता. पीक हाती येईपर्यंत पीठ, मीठ, कापड त्याच्याकडून उधारीवर न्यावयाचे व उभे पीक त्याला तारण लिहून द्यावयाचे. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा चढा असे. पिकवायचा तो कापूसच, कारण दुकानदार दुसरे पीक तारण घेत नसे. हंगामाच्या अखेरीस वही उघडली की बाकी निघायचीच. ती वही दुकानदाराने लिहिलेली असे आणि सही किंवा अंगठा करणाऱ्याला बहुधा ती वाचता येत नसे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या वहीत केवळ काळ्यांची नावे नव्हती. युद्धाने खंगलेले लक्षावधी गोरे लहान शेतकरीही हळूहळू त्याच वहीत आले. कापसाचा भाव वर्षानुवर्षे घसरत गेला व १८९४ साली तो दर पौंडाला पाच सेंटच्याही खाली उतरला. एकाच सावकाराची ही दोन कुळे होती. एक काळे, दुसरे गोरे.

आपल्या भागाचाही या कापसाशी जवळचा संबंध आहे. अमेरिकेत युद्ध चालू असता तेथील कापूस विलायतेला जाईना, तेव्हा मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध थांबताच तो कोसळला. त्या तेजीत वाढलेले कर्ज दख्खनच्या शेतकऱ्याच्या गळ्याशी आले आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे गावापासून सावकारांची खतपत्रे जाळण्याचा उठाव सुरू झाला. सुप्याचा शेतकरी आणि अमेरिकेतील शेतकरी एकमेकांना ओळखत नव्हते, परंतु दोघांचे दुखणे एकाच बाजाराशी बांधलेले होते.

अमेरिकेतील शेतकऱ्याने मात्र वही जाळण्याऐवजी संघटना काढली. टेक्सास राज्यातील लँपॅसस परगण्यात १८७० च्या दशकात 'फार्मर्स अलायन्स' म्हणजे शेतकरी संघ जन्मास आला. सहकारी पद्धतीने कापूस विकावा, सामान घाऊक भावाने एकत्र घ्यावे, ही त्याची पहिली कामे. संघाचे व्याख्याते गावोगाव जात आणि रेल्वेचे दर, व्याज, चलन हे विषय शेतकऱ्यांना सोप्या भाषेत समजावीत. ही एक प्रकारची प्रौढांची शाळाच होती, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पण या शाळेच्या दारावर एक पाटी होती : फक्त गोऱ्यांसाठी. म्हणून १८८६ साली टेक्सासमध्येच काळ्या शेतकऱ्यांनी आपला निराळा संघ स्थापन केला. आपले बारा लाख सभासद आहेत, असा त्याचा दावा होता. आकडा फुगविलेला असेलही, तरी संघटना मोठी होती यात शंका नाही. दोन्ही संघांच्या मागण्या पुष्कळ अंशी सारख्या होत्या. मग अडले कोठे?

ते १८९१ साली दिसले. काळ्या संघाचे अनेक सभासद दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारे मजूर होते. शंभर पौंड वेचणीला एक डॉलर मिळावा म्हणून संप पुकारावयाचे ठरले. पण वेचणीची मजुरी देणारे कोण? गोऱ्या संघातील जमीनदार शेतकरी! गोऱ्या संघाचे अध्यक्ष लिओनिडस पोक यांनी आपल्या सभासदांना सल्ला दिला की, कापूस शेतात राहिला तरी चालेल, पण ही मागणी मान्य करू नये. संप बहुतेक ठिकाणी उभाच राहिला नाही. आर्कान्सा राज्यातील ली परगण्यात बेन पॅटरसन या काळ्या तरुणाने तो नेला, तेव्हा सशस्त्र टोळ्यांनी संपकऱ्यांचा पाठलाग करून पॅटरसनसह सुमारे पंधरा जणांना ठार केले.

त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात शेतकरी संघाच्या पाठिंब्याने निवडून आलेल्या विधिमंडळाने रेल्वेत काळ्या-गोऱ्यांसाठी निराळ्या जागा ठेवण्याचा कायदा केला. शेतकऱ्याचे भले करावयास निघालेल्या हातांनीच ही भिंत बांधली, हे आपण विसरता कामा नये.

तरीही आशेचा एक क्षण आला. ४ जुलै १८९२ रोजी ओमाहा शहरी 'पीपल्स पार्टी' म्हणजे लोकपक्षाने आपला जाहीरनामा मंजूर केला. रेल्वे सरकारच्या मालकीची असावी, जास्त उत्पन्नावर चढता कर असावा, चांदीचे नाणे मुक्तपणे पाडावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्या वर्षीच्या निवडणुकीत पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना दहा लाखांहून अधिक मते पडली.

जॉर्जियात या पक्षाचा पुढारी होता टॉम वॉटसन. त्याने गोऱ्या व काळ्या शेतकऱ्यांना उघडपणे सांगितले की, तुम्हाला वेगवेगळे लुटता यावे म्हणूनच तुम्हाला वेगवेगळे ठेवले जाते. त्याच्यासाठी भाषणे करणारा काळा धर्मोपदेशक डॉइल याच्या जिवावर बेतले, तेव्हा वॉटसनच्या हाकेवरून शेकडो गोरे शेतकरी बंदुका घेऊन रात्रीतून धावून आले. गोऱ्या माणसाने काळ्याच्या रक्षणासाठी बंदूक उचलावी, ही त्या मुलुखात अपूर्व गोष्ट होती. परंतु हेही खरे की, वॉटसनला काळ्या माणसाचे मत हवे होते. त्याला आपल्या शेजारी बसवावयाची त्याची तयारी नव्हती.

१८९२ व १८९४ साली वॉटसन पराभूत झाला. दमदाटी, लाच व खोटी मते यांचा सर्रास वापर झाला. १८९६ साली लोकपक्ष डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन यांच्यामागे गेला आणि त्यांच्या पराभवानंतर विरून गेला. नॉर्थ कॅरोलिना राज्यात मात्र लोकपक्ष व काळ्यांचा पाठिंबा असलेला रिपब्लिकन पक्ष यांनी एकजुटीने सत्ता मिळविली होती. तिचा शेवट १० नोव्हेंबर १८९८ रोजी विल्मिंग्टन शहरी झाला. गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने काळ्यांचे वृत्तपत्र जाळले, अनेकांचे प्राण घेतले आणि कायदेशीररीत्या आलेल्या नगरशासनाला बंदुकीच्या धाकाने राजीनामा द्यावयास लावला.

गरीब पुन्हा एकत्र येऊ नयेत, यासाठी मग कायद्याचा उपयोग झाला. मिसिसिपीने १८९० सालीच वाट दाखविली होती : मत द्यावयाचे तर आधी कर भरा आणि राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवा किंवा त्याचा अर्थ सांगा. अर्थ बरोबर की चूक, हे ठरविणारा अधिकारी गोरा. लुईझियानाने १८९८ साली तसेच नियम केले आणि ज्यांचे बाप-आजे १८६७ पूर्वी मतदार होते त्यांना त्यातून सूट दिली. गुलामाचा नातू ही सूट कोठून आणणार? त्या राज्यात १८९६ साली सुमारे १ लाख ३० हजार काळे मतदार होते. १९०४ साली उरले १,३४२. गंमत अशी की, गोऱ्या मतदारांची संख्याही पुष्कळ घटली. गरीब गोऱ्याला वाटले, दार शेजाऱ्यासाठी बंद होत आहे; ते त्याच्याही तोंडावर बंद झाले.

मे १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने होमर प्लेसी याच्या खटल्यात निराळे डबे, पण समान सोयी असल्यास हरकत नाही, असा निकाल दिला. न्यायमूर्ती हार्लन यांनी एकट्याने विरोध नोंदविला. 'निराळे' राहिले, 'समान' कधीच आले नाही. काळ्यांच्या शाळांना तुटपुंजा पैसा द्यावयाचा आणि मग त्याच मुलाला मोठेपणी विचारावयाचे, तुला वाचता येते का?

टॉम वॉटसनचे पुढे काय झाले? आपल्या पराभवाचे खापर त्याने काळ्यांवरच फोडले. १९०६ साली त्याने त्यांचा मताधिकार काढून घेण्याची बाजू घेतली आणि उरलेले आयुष्य द्वेषाचा प्रचार करण्यात घालविले. त्या काळातला दक्षिणेतील शेवटचा काळा काँग्रेस सदस्य जॉर्ज व्हाइट याने १९०१ साली सभागृहाचा निरोप घेतला. दक्षिणेतून पुन्हा काळा प्रतिनिधी निवडून यावयास १९७२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९५४ साली निराळ्या शाळा बेकायदा ठरल्या व १९६५ साली मताच्या हक्काचा कायदा झाला. हे सारे वर्षानुवर्षे वर्गात, न्यायालयात व रस्त्यावर झगडून मिळाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. त्या अर्पणपत्रिकेतील आशा पुरी व्हावयास किती पिढ्या जाव्या लागल्या, हे आपण पाहिलेच.

पालक-बंधुभगिनींनो, त्या दुकानदाराच्या वहीकडे पुन्हा एकवार पाहा. ज्याला वाचता येत नव्हते, त्याची बाकी कधी फिटली नाही. आणि पुढे वाचता येत नाही म्हणून त्याचे मतही गेले. आपल्या मुलाला वा मुलीला अर्ध्यावर शाळेतून काढण्याचा विचार मनात आला, तर ही वही आठवावी. आणि विद्यार्थी मित्रांनो, गोऱ्या शेतकऱ्याची चूकही आठवावी. त्याला शेजाऱ्याची मदत हवी होती, पण शेजाऱ्याची बरोबरी नको होती. अशी एकी पहिल्या वादळातच मोडते.

मागच्या बाकावरील त्या मुलीला माझे उत्तर मिळावयास उशीर झाला, याबद्दल तिने क्षमा करावी. पुढचा प्रश्न तिने जरूर विचारावा. या खेपेस घंटा झाली तरी मी थांबेन.