मूल कुणाचे?

काही वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी आली, ती परत गेली नाही. तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी एकच म्हणाली, "मूल बापाचे. मागायला आला तर द्यावे लागेल." तिच्या तोंडचे पाणी पळाले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण हा नियम आला कुठून, हे पाहावे म्हणून मी वाचनालयातून पुस्तके आणू लागले. त्यांत एका बाईंची हकीकत मिळाली, ती भगिनींना सांगते.

अॅनी बेझंट हे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. होमरूलच्या चळवळीतल्या, १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच या बाई. त्यांचे लग्न १८६७ साली इंग्लंडात एका पाद्र्याशी झाले. एक मुलगा, एक मुलगी. बाईंची देवाधर्मावरची श्रद्धा उडाली आणि १८७३ साली दोघे विभक्त झाले. मुलगा बापाकडे आणि मुलगी मेबल आईकडे, असा लेखी करार झाला.

पुढे बाईंनी संततिनियमनाचे एक पुस्तक छापले व त्यावर खटला झाला. तेवढे कारण नवऱ्याला पुरले. १८७८ साली कोर्टाने करार बाजूला ठेवून मेबलला बापाच्या हवाली केले. नुकतीच तापातून उठलेली पोर रडत, हातपाय झाडत नेली गेली. त्या काळी इंग्लंडात बापाचा हक्क पहिला. आईला कोर्टात दाद मागता येई, तीही १८३९ च्या कायद्यामुळे; त्याआधी तेवढेही नव्हते. मेबल आणि तिचा भाऊ मोठेपणी आपण होऊन आईकडे आले, पण बाळपण गेले ते गेलेच.

आता नियतीचा खेळ पाहा. १९१० साली मद्रासजवळ अड्यार येथे नारायणय्या नावाच्या विधुर गृहस्थांनी आपले दोन मुलगे लेखी पत्र देऊन बेझंटबाईंच्या स्वाधीन केले. त्यांतला थोरला म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून नावाजलेले जे. कृष्णमूर्ती. मुलांना लागणाऱ्या संगतीविषयी बापाच्या मनात शंका आली, आणि १९१२ साली त्यांनी मुले परत मागितली. मद्रासच्या कोर्टाने बापाच्या बाजूने निकाल दिला. बाई विलायतेला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या. १९१४ साली तेथे ठरले, की पालकत्व ही पवित्र ठेव आहे, बापाला ते कायमचे दुसऱ्याला देऊन टाकता येत नाही. परंतु मुलांचे हित आणि त्यांची इच्छा कोणी पाहिलीच नाही. मुले इंग्लंडात असल्याने मद्रासचा हुकूमही रद्द झाला.

जिची लेक बापाच्या हक्काने गेली, तिच्याच दारी एक बाप हात पसरून उभा राहिला! मला दोघांचेही दुःख कळते. नारायणय्यांनाही पोटची मुलेच हवी होती.

आपल्याकडे १९५६ च्या हिंदू कायद्यात पालक म्हणून आधी बाप आणि "त्याच्यानंतर" आई असे लिहिले गेले. पण त्याच कायद्यात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, आणि सर्वांत वर मुलाचे कल्याण, असेही आहे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की "त्याच्यानंतर" म्हणजे तो मेल्यावरच असे नव्हे. तो असून नसल्यासारखा असेल तेव्हाही आईच पालक.

हे मी बहिणीला वाचून दाखवले. तिला धीर आला, आणि रागही थोडा निवळला. मूल तिच्याजवळ राहिले. दर रविवारी बाप त्याला फिरायला नेतो आणि दिवेलागणीला आणून पोचवतो. पोर दोन्ही दारांत हसत जाते. मूल बापाचे की आईचे, याचे उत्तर मला त्या हसण्यात मिळाले.