ग्रीकांची लॉज, पण बैठक इंग्रजीत: ‘अहेपा’ची गोष्ट

‘ग्रीक फ्रॅटर्निटी’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा अमेरिकन कॉलेजातली पोरं येतील. दारावर अल्फा, बीटा, गॅमा अशी अक्षरं लावलेली घरं, पार्ट्या, गोंधळ. त्या पोरांचा ग्रीसशी काडीचाही संबंध नसतो. मी जिचे कागद वाचते आहे ती संघटना मात्र खऱ्याखुऱ्या ग्रीकांची आहे. खानावळी, मिठाईची दुकानं आणि बूटपॉलिशचे ठेले चालवून पोट भरणाऱ्यांची. तिचं नाव अमेरिकन हेलेनिक एज्युकेशनल प्रोग्रेसिव्ह असोसिएशन. सगळे तिला ‘अहेपा’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

या संघटनेबद्दल कुणाला सांगायला लागले की पहिला प्रश्न हमखास येतो. संघटना ग्रीकांची, मग बैठकीची भाषा इंग्रजी कशी? सुरुवातीच्या सभासदांपैकी अनेकांना इंग्रजी धड येतही नव्हतं. आपल्या माणसांत बसूनही परकी भाषा बोलायची, असा नियम माणसं स्वतःहून का करून घेतात? माझ्या मते या संघटनेनं पुढच्या शंभर वर्षांत केलेली समाजसेवा समजून घ्यायची तर आधी या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागतं.

आधीची पंधरा-वीस वर्षं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ग्रीसमध्ये, विशेषतः पेलोपोनीजमध्ये, काळ्या मनुकांचा भाव कोसळला. तिथली शेती या एका पिकावर उभी होती. कर्जबाजारी गावांतून तरुण पुरुष अमेरिकेला निघाले. बहुतेकांचा बेत साधा होता: चार वर्षं राबायचं, बहिणीच्या हुंड्याचे आणि जमीन सोडवण्याचे पैसे साठवायचे आणि परत यायचं. ते रेल्वेमार्गांवर, खाणींत, कापडगिरण्यांत आणि कत्तलखान्यांत लागले.

स्वस्तात राबणाऱ्या परक्या माणसांबद्दल स्थानिकांना काय वाटतं, हे जगात सगळीकडे सारखंच. नेब्रास्का राज्यातल्या साउथ ओमाहात ग्रीकांना संप फोडणारे म्हणून आधीच नावं ठेवली जात होती. फेब्रुवारी १९०९ मध्ये अटकेच्या झटापटीत एका ग्रीकाच्या गोळीनं एक पोलीस मेला. दोनच दिवसांनी, २१ फेब्रुवारीला, जमावानं ग्रीकांची वस्ती लुटली आणि जाळली. गुन्हा एकाचा होता, पण शेकडो ग्रीकांना शहर सोडून पळावं लागलं. त्याआधी दीड वर्ष, सप्टेंबर १९०७ मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममधून लाकूडगिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी मजुरांनाही असंच हाकलून दिलं होतं. या दोन घटना शेजारीशेजारी ठेवा, पुढे त्यांचं काम पडणार आहे.

अटलांटा, १९२२

१९१५ मध्ये अटलांटाजवळच्या स्टोन माउंटन या डोंगरावर कू क्लक्स क्लॅनचा पुनर्जन्म झाला. हा नवा क्लॅन फक्त कृष्णवर्णीयांच्या मागे नव्हता. ज्यू, कॅथलिक आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेले लोकही त्याच्या यादीत होते. अटलांटा हे त्याचं मुख्य ठाणं.

इथे ग्रीकांचा धंदा लक्षात घ्या. खाणीतला मजूर एक गाव सोडून दुसऱ्या गावात काम शोधू शकतो. खानावळवाल्याचं सगळं भांडवल चुलीत, टेबलांत आणि गल्ल्यात अडकलेलं असतं, आणि गिऱ्हाईक रोज रस्त्यावरून येतं. त्याला मारायला काठीची गरज नाही. ‘परक्यांच्या हॉटेलात जेवू नका’ एवढी कुजबुज पसरली तरी महिन्याभरात कुलूप लागतं. म्हणूनच अहेपा उभी करायला जे पुढे आले त्यांत छोटे व्यापारी आणि गावोगाव फिरणारे विक्रेते होते. २६ जुलै १९२२ रोजी त्यांनी अटलांटात संघटना स्थापन केली. ती पहिली शाखा, चॅप्टर क्रमांक १, आजही ‘मदर लॉज’ म्हणून ओळखली जाते.

आता इंग्रजीच्या नियमाचं कोडं सुटायला लागतं. बंद दाराआड परक्या भाषेत चालणारी बैठक क्लॅनच्या दक्षिणेत संशयाला आमंत्रण ठरली असती. इंग्रजीत चालणारी, अमेरिकन झेंडा लावलेली, नियमपुस्तिका असलेली लॉज मात्र शेजाऱ्यांच्या ओळखीची होती. मेसन, एल्क्स वगैरेंच्या अशा लॉज गावोगावी होत्याच. अहेपानं तो साचा जवळजवळ जसाच्या तसा उचलला: प्रवेशाचा विधी, गुप्त मतदान, ‘सुप्रीम प्रेसिडेंट’सारखी भारदस्त पदं. डोक्यावर फेझ टोपीसुद्धा आली! तुर्कांच्या राज्यात जन्मलेले ग्रीक अमेरिकेत हौसेनं तुर्की टोपी घालू लागले, कारण श्राइनर्स नावाच्या अमेरिकन मंडळात ती घालायची पद्धत होती. आणि हे कधी, तर ज्या वर्षी स्मर्ना शहर जळालं आणि लाखो ग्रीक निर्वासित होऊन ग्रीसमध्ये येऊन पडले, त्याच सुमारास.

हा मार्ग सगळ्यांना पटला असं मात्र नाही. दुसऱ्याच वर्षी, १९२३ मध्ये, पिट्सबर्गच्या परिसरात ‘गापा’ ही प्रतिस्पर्धी संघटना निघाली. तिचं म्हणणं रोखठोक होतं: भाषा आणि चर्च सोडलं तर ग्रीक म्हणून उरतं काय? अहेपानं मात्र पंथ आणि पक्ष दोन्ही बाहेर ठेवले. त्यामागे व्यवहारही होता. तेव्हा राजा की व्हेनिझेलोस या ग्रीसमधल्या भांडणानं अमेरिकेतल्या ग्रीकांचे चर्चसुद्धा दुभंगले होते. ते भांडण दाराबाहेर ठेवलं तरच एका गावातले पन्नास ग्रीक एका खोलीत बसू शकणार होते.

उघडं दार आणि बंद दार

अहेपाच्या चॅप्टरांनी सभासदांमागे एकच धोशा लावला: इंग्रजी शिका, नागरिकत्व घ्या, मतदान करा. आणि इथे आपली मंडळी या गोष्टीत येतात.

अमेरिकेचा नागरिकत्व कायदा तेव्हा ‘गोऱ्या’ व्यक्तींना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिक होऊ देत असे. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, म्हणजे अहेपाच्या स्थापनेनंतर सात महिन्यांच्या आत, सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड या अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या शीख माणसाला सांगितलं की तू गोरा नाहीस, सबब नागरिक होऊ शकत नाहीस. त्याचे वकील होते सखाराम गणेश पंडित. या निकालानंतर आधीच नागरिक झालेल्या अनेक हिंदुस्थानी लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायच्या कारवायाही सुरू झाल्या. खुद्द पंडितांवरही ती पाळी आली आणि त्यांना स्वतःचाच खटला लढून जिंकावा लागला.

ओमाहा आणि बेलिंगहॅम आठवा. मार दोघांनी खाल्ला, पण कायद्याच्या दारात दोघांची वाट वेगळी झाली. ग्रीक रस्त्यावर कितीही हिणवला गेला तरी कायद्याच्या कागदावर ‘गोरा’ होता. अहेपाची सगळी चाल या एका सवलतीवर उभी होती. हे तिच्या कष्टांना कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. पण ‘त्यांनी मेहनत केली म्हणून ते पुढे आले’ एवढंच सांगणारा इतिहास अर्धा असतो.

अर्थात ग्रीकांसाठी मागून येणाऱ्यांचं दार जवळजवळ बंदच झालं. १९२४ च्या कायद्यानं ग्रीसचा वार्षिक कोटा १०० माणसांवर आणला. स्मर्नाच्या निर्वासितांना आसरा हवा होता, नेमका तेव्हा. याचा एक परिणाम असा की अमेरिकेत असलेल्यांना कळून चुकलं, आता येणंजाणं संपलं, इथेच मुळं धरायची. मग मुलाबाळांसाठीही शाखा निघाल्या: तरुणांसाठी ‘सन्स ऑफ पेरिक्लीस’ (१९२६), स्त्रियांसाठी ‘डॉटर्स ऑफ पेनेलोपी’ (१९२९), मुलींसाठी ‘मेड्स ऑफ अथीना’ (१९३०). नावं बघा. बैठक इंग्रजीत, पण पाटीवर पेरिक्लीस आणि पेनेलोपी. गावातली बोली मागे पडली आणि अमेरिकन शाळेत मान असलेला प्राचीन ग्रीस पुढे आला.

सेवा आणि तिची पावती

चॅप्टर म्हणजे प्रत्यक्षात काय? अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वर्गणी, बैठका आणि दर थोड्या दिवसांनी फिरणारी निधीची टोपी. आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार या कामात लगेच रुळला असता. १९२० च्या दशकातच या टोपीतून फ्लोरिडातल्या चक्रीवादळग्रस्तांना, मिसिसिपीच्या पूरग्रस्तांना आणि कोरिंथच्या भूकंपग्रस्तांना मदत गेली. एक हात अमेरिकेकडे, एक ग्रीसकडे. ही जोडी पुढे प्रत्येक दशकात दिसते.

२८ ऑक्टोबर १९४० ला इटलीनं ग्रीसवर हल्ला केला. काही दिवसांतच ‘ग्रीक वॉर रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. प्रमुख होते सिनेमाधंद्यातले स्पायरोस स्कूरास. तिला नव्यानं जाळं विणावं लागलं नाही. गावोगावचे चर्च आणि अहेपाचे चॅप्टर तयारच होते. पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या अथेन्समध्ये माणसं उपासमारीनं रस्त्यावर मरू लागली, तेव्हा रेड क्रॉसच्या देखरेखीखाली स्वीडनच्या जहाजांतून धान्य पोचवण्याच्या कामामागे हाही पैसा होता. त्याच वेळी चॅप्टर अमेरिकन सरकारचे युद्धरोखे विकत होते. संघटनेच्या स्वतःच्या हिशोबानुसार असे ५० कोटी डॉलरचे रोखे विकले गेले.

हा आकडा अहेपा आजही आवर्जून सांगते, आणि मला त्यात एक जुनी धास्ती ऐकू येते. ज्याला आपल्या नागरिकत्वाची खात्री असते तो दिलेल्या देणगीची पावती भिंतीवर लावत नाही. सेवा मनापासूनची होती, आणि तरीही ती दाखवण्याची गरज होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

हॉस्पिटल आणि पुतळा

युद्धानंतर अहेपाच्या पैशातून थेस्सालोनिकीत मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. आज ते तिथल्या ॲरिस्टॉटल विद्यापीठाचं रुग्णालय आहे आणि गावात त्याला नुसतं ‘अहेपा’ म्हणतात. मे १९६३ मध्ये शांतता चळवळीतले खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्यावर भर रस्त्यात हल्ला झाला, ते याच हॉस्पिटलात वारले. फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रीसमधली कोविडची पहिली रुग्णही इथेच दाखल झाली.

त्याच १९६३ साली अहेपानं अथेन्सला आणखी एक भेट दिली: राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा पुतळा. ट्रुमन यांनी १९४७ मध्ये ग्रीसला मदत जाहीर केली होती, त्याची ही कृतज्ञता. पण त्या मदतीचा अर्थ ग्रीसमध्ये सगळ्यांच्या लेखी एक नव्हता. यादवी युद्धात हरलेल्या बाजूला तो पुतळा म्हणजे परकी ढवळाढवळ वाटला. तो वारंवार रंगवला गेला, त्याच्यावर बॉम्ब टाकले गेले, एकदा तर तो पाडला गेला. एकाच संघटनेच्या दोन भेटी. हॉस्पिटल लोकांनी आपलं मानलं, कारण आजाराला राजकारण विचारत बसायला वेळ नसतो. पुतळा मात्र अमेरिकेतल्या ग्रीकांच्या मनातल्या ग्रीसला दिलेला होता, आणि अथेन्समधली माणसं वेगळ्याच ग्रीसमध्ये राहत होती.

अलाबामातल्या इमारती

आता पुन्हा दक्षिणेत येऊ. वर्णभेदाच्या काळात दक्षिणेतल्या ग्रीकांच्या खानावळीही वर्णभेदाच्याच नियमांवर चालत. ज्यांना एकेकाळी बहिष्काराची भीती होती त्यांच्याच दारातून आता दुसऱ्यांना परत पाठवलं जात होतं. मार्च १९६५ मध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स आर्चबिशप याकोव्होस अलाबामातल्या सेल्मात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शेजारी उभे राहिले. आज त्या फोटोचा अभिमान मिरवला जातो. तेव्हा त्यांच्याच समाजातल्या अनेकांनी, विशेषतः दक्षिणेतल्या धंदेवाल्यांनी, त्यांच्यावर सडकून टीका केली होती. मिळालेली सुरक्षितता माणसाला किती सांभाळून वागायला लावते, हे त्या टीकेत दिसतं.

त्यामुळेच पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. अलीकडच्या काही दशकांत अहेपानं केंद्र सरकारच्या ‘सेक्शन २०२’ योजनेतून कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठी घरं बांधली. नियम असा: वय किमान ६२, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत, आणि भाडं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के. ही घरं फक्त ग्रीकांसाठी ठेवता येत नाहीत. पात्र असेल त्याला द्यावीच लागतात. इमारतींना नावं पडली ती चॅप्टरच्या क्रमांकावरून. मोबील शहरात ‘अहेपा ३१०’, माँटगोमेरीत ‘अहेपा २३’. दोन्ही शहरं अलाबामातली. माँटगोमेरी तर सेल्माहून निघालेल्या मोर्चाचं मुक्कामाचं ठिकाण.

थॅलेसेमियाचंही असंच झालं. १९२५ मध्ये डेट्रॉइटचे डॉक्टर कूली यांनी त्याचं वर्णन केलं, ग्रीक आणि इटालियन घरांतल्या मुलांना तपासून. अहेपानं ‘कूलीज ॲनिमिया’साठी वेगळा निधी उभारला, तो आपल्या मुलांच्या काळजीनं. पण या आजारावरचं कुठलंही संशोधन ग्रीकांपुरतं राहू शकत नाही. सिंधी समाजात त्याचे वाहक जास्त आढळतात, आणि वारंवार रक्त द्यावं लागणारी मुलं उल्हासनगरातही आहेत.

मराठी वाचकाला यातून साहजिक तुलना सुचेल ती अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांशी. ती मराठीतच चालतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पण आपले डॉक्टर-इंजिनियर मोठ्या संख्येनं तिथे गेले ते १९६५ चा नवा कायदा आल्यावर, कोटा रद्द झाल्यावर, हातात पदव्या घेऊन. अटलांटातल्या खानावळवाल्यांना ती मोकळीक नव्हती. म्हणून ‘आम्ही भाषा टिकवली, त्यांनी सोडली’ असा निकाल घाईनं देऊ नये, असं मला वाटतं. कोणत्या साली, कोणत्या दारातून आणि कुणाच्या नजरेसमोर आत आलात, हे आधी विचारावं लागतं.

‘गापा’चं काय झालं, भाषा धरून ठेवणाऱ्यांच्या हाती शेवटी काय लागलं, ही वेगळी आणि तितकीच रंगतदार गोष्ट आहे. ती पुढच्या लेखात.