गर्भाशयोच्छेदन

गर्भाशयोच्छेदन : स्त्रीचे गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या क्रियेस गर्भाशयोच्छेदन म्हणतात. सोलापूर, धाराशिव व बीड या भागांतील बोलीत तिला ‘पिशवी काढणे’ असे म्हणतात. गर्भाशयाचे शरीर व ग्रीवा (मानेसारखा खालचा भाग) ही दोन्ही काढल्यास संपूर्ण, ग्रीवा ठेवल्यास अपूर्ण, तर भोवतालचे ऊतक (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांचा समूह) व योनीचा वरचा भाग यांसह काढल्यास मूलगामी गर्भाशयोच्छेदन म्हणतात. अंडकोश काढणे ही वेगळी शस्त्रक्रिया असून ती कधीकधी याच वेळी केली जाते. तिचे परिणाम सर्वस्वी भिन्न असतात. लोकव्यवहारात हा भेद पुष्कळदा लक्षात घेतला जात नाही.

गर्भाशयातील मोठी तंत्वार्बुदे (तंतुमय ऊतकाच्या निरुपद्रवी गाठी), औषधांना दाद न देणारा अतिरिक्त रक्तस्राव, गर्भाशयभ्रंश (‘अंग बाहेर येणे’), गर्भाशयाचा वा ग्रीवेचा कर्करोग आणि प्रसूतीनंतरचा न थांबणारा रक्तस्राव ही या शस्त्रक्रियेची प्रमुख कारणे होत. अंगावर पांढरे जाणे, कंबर दुखणे किंवा पाळी अनियमित होणे एवढ्याच लक्षणांवरून ती करणे शास्त्रसंमत नाही.

इतिहास : सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म व पश्चात्कर्म असे तीन भाग सांगितले आहेत. तीत मूढगर्भ बाहेर काढण्याच्या क्रियांचेही वर्णन आहे. आधुनिक गर्भाशयोच्छेदनाचा प्रारंभ मात्र एकोणिसाव्या शतकात यूरोपात झाला. १८१३ मध्ये जर्मन शस्त्रक्रियाविशारद कोनराट लांगेनबेक यांनी योनिमार्गे गर्भाशय काढले. त्यांच्या म्हणण्यावर समव्यवसायिकांचा विश्वास बसला नाही. सव्वीस वर्षांनी ती स्त्री वार्धक्याने मरण पावल्यावर शवपरीक्षेत गर्भाशय नसल्याचे दिसले, तेव्हा ते सिद्ध झाले. १८४३ मध्ये मँचेस्टर येथे चार्ल्स क्ले यांनी अंडकोशाची गाठ समजून पोट उघडले. प्रत्यक्षात ती गर्भाशयाची गाठ निघाली. क्ले यांनी गर्भाशय काढले, परंतु रोगी दगावली. १८५३ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर बर्नहॅम यांची रोगी या शस्त्रक्रियेतून प्रथम वाचली. तेथेही निदान चुकलेलेच होते.

शुद्धिहरणामुळे (१८४६) वेदना टळल्या, तरी पूतिता (जंतुसंसर्गाने होणारी विषबाधा) व रक्तस्राव यांमुळे बहुसंख्य रोगी मरत. जोसेफ लिस्टर यांच्या पूतिरोधक पद्धतीचा (१८६७) प्रसार, रक्तगटांचा शोध, सल्फा औषधे व प्रतिजैविके यांमुळे हा धोका टप्प्याटप्प्याने कमी झाला. व्हिएन्नाचे एर्न्स्ट व्हेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये ग्रीवेच्या कर्करोगासाठी मूलगामी शस्त्रक्रिया केली. एडवर्ड रिचर्डसन यांनी १९२९ मध्ये संपूर्ण गर्भाशयोच्छेदनाची सुटसुटीत पद्धत प्रसिद्ध केली. १९८८ मध्ये हॅरी रीच यांनी उदरदर्शकाच्या (दुर्बिणीच्या) साहाय्याने ही शस्त्रक्रिया केली.

महाराष्ट्रातील स्त्रीरोगतज्ञांचे या विषयातील महत्त्वाचे कार्य गर्भाशय काढण्यापेक्षा ते राखण्याच्या दिशेने झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) आणि मुंबईचे बी. एन. पुरंदरे यांनी खाली सरकलेले गर्भाशय न काढता त्यास आधार देण्याच्या शस्त्रक्रिया बसविल्या. मूल हवे असलेल्या तरुण स्त्रियांना त्यांचा लाभ झाला.

सोलापूर परिसरातील सोयी : स्त्रियांवर स्त्री-वैद्यांकडून उपचार व्हावेत या हेतूने १८८५ मध्ये डफरिन निधी स्थापन झाला. त्याची आठवण सोलापुरातील डफरिन चौक व तेथील प्रसूतिगृह यांच्या नावांत टिकून आहे. १९६३ मध्ये सोलापुरास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ते आज डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. त्यास जोडलेल्या शासकीय रुग्णालयामुळे जिल्ह्यातील आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील व कर्नाटकाच्या सीमेवरील गरीब स्त्रियांना अवघड शस्त्रक्रियांसाठी पुण्या-मुंबईस जाण्याची गरज उरली नाही.

जिल्ह्यातील बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी येथे सुरू झाली. त्या काळी या भागातील स्त्रियांत ग्रीवेच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते आणि रोग पुष्कळदा वाढलेल्या अवस्थेत उघडकीस येई. या अनुभवातून मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ मध्ये मोठी चाचणी सुरू झाली. गर्भाशय असलेल्या ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट करण्यात आले. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ग्रीवेच्या कर्करोगास कारणीभूत असणाऱ्या पॅपिलोमा विषाणूसाठी ज्यांची एकदा तपासणी झाली अशा ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ मृत्यू झाले. दुसऱ्या गटास तपासणी न देण्याच्या नैतिकतेविषयी पुढे वादही झाला.

या चाचणीचा गर्भाशयोच्छेदनाशी जवळचा संबंध आहे. ग्रीवेतील कर्करोगपूर्व बदल वेळीच आढळल्यास तेवढा भाग गोठवून किंवा विद्युत् तारेने कापून काढता येतो. त्यासाठी सामान्यतः गर्भाशय काढावे लागत नाही. कर्करोगाच्या भीतीवर तपासणी हा उपाय आहे, हे याच मुलखातील स्त्रियांच्या सहभागाने सिद्ध झाले.

पूर्वतयारी : पूर्वी रोग्यास शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस रुग्णालयात ठेवीत, रेचक व बस्ती देत आणि मध्यरात्रीपासून अन्नपाणी बंद करीत. यांतील बऱ्याच गोष्टी आता अनावश्यक ठरल्या आहेत. हलके अन्न सहा तास व साधे पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालते. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी छेद घेण्यापूर्वी तासाभराच्या आत प्रतिजैविकाची एक मात्रा देतात.

याउलट काही गोष्टींचे महत्त्व वाढले आहे. पहिली गोष्ट म्हणजे निदानाची खातरजमा. श्राव्यातीत तपासणी (सोनोग्राफी), ग्रीवेच्या कोशिकांची तपासणी आणि चाळिशीनंतर अनियमित रक्तस्राव होत असल्यास गर्भाशयाच्या अंतःस्तराचा तुकडा तपासणे आवश्यक असते. दुसरी गोष्ट रक्तक्षयाची. ग्रामीण स्त्रियांत तो सर्रास आढळतो व अतिस्रावाने वाढतो. म्हणून लोहाच्या गोळ्यांनी, शिरेतून लोह देऊन किंवा गरज पडल्यास रक्त देऊन तो आधी भरून काढतात. रक्तदाब, रक्तशर्करा, मूत्र व हृदय यांची तपासणी करतात. तंबाखू व मिश्री बंद करावी लागते. मिश्री लावण्याची सवय स्त्रिया व्यसनात मोजत नाहीत, त्यामुळे ती वैद्यास सांगितली जात नाही. म्हणून तिच्याविषयी मुद्दाम विचारावे लागते.

तिसरी गोष्ट संमती होय. कोणता अवयव काढणार, अंडकोश ठेवणार की काढणार, औषधे, गर्भाशयात बसविण्याचे हॉर्मोनयुक्त साधन किंवा केवळ गाठ काढणे यांसारखे पर्याय आहेत काय, हे स्त्रीस तिच्या भाषेत समजले पाहिजे. केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय व अंडकोश तिच्या आईच्या संमतीने काढल्याच्या एका खटल्यात, सज्ञान स्त्रीच्या वतीने नातेवाइकाने दिलेली अशी संमती वैध नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. कागदावर पतीची सही घेऊन काम भागत नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होय.

पश्चात्परिचर्या : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यास दोन-तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवीत. शिकागो येथील एमिल रीस यांनी १८९९ मध्येच रोग्यांना लवकर उठविण्याचे फायदे सांगितले होते, परंतु ते दुर्लक्षित राहिले. १९४० नंतर ही पद्धत रूढ झाली. आता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रोग्यास चालवतात. त्यामुळे पायांच्या शिरांत रक्त साखळणे, फुप्फुसाचे विकार व पोट फुगणे यांचे प्रमाण घटते.

लवकर चालणे आणि लवकर कामास लागणे या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत. वरची जखम आठ-दहा दिवसांत भरते. आतील टाके, विशेषतः योनीच्या वरच्या टोकाची शिवण, पक्की होण्यास सु. सहा आठवडे लागतात. तोवर पाण्याची घागर, धान्याचे पोते यांसारखी ओझी उचलणे व समागम वर्ज्य असतो. मलावरोध टाळणे, पुरेसे पाणी पिणे व प्रथिनयुक्त आहार आवश्यक असतो. काही दिवस थोडा रक्तमिश्रित स्राव जाणे स्वाभाविक आहे. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अधिक रक्तस्राव, पोटरीस सूज, दम लागणे किंवा नकळत लघवी गळणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित वैद्याकडे जावे.

पाळी थांबली, तरी अंडकोश राखले असल्यास हॉर्मोनांचा स्राव चालू राहतो. तथापि अशा स्त्रियांतही ऋतुनिवृत्ती काहीशी लवकर येते. तरुण वयात दोन्ही अंडकोश काढल्यास ती एकाएकी येते. अंगाची काहिली, निद्रानाश, खिन्नता, हाडे ठिसूळ होणे व पुढे हृदयविकाराचा वाढता धोका असे परिणाम संभवतात. अशा वेळी वैद्याच्या देखरेखीखाली हॉर्मोन उपचार करतात.

महाराष्ट्रात बाळंतिणीस सव्वा महिना विश्रांती, माहेरपण, शेकशेगडी व डिंकाचे लाडू यांची परंपरा आहे. गर्भाशयोच्छेदनाभोवती असा कोणताही आचार निर्माण झालेला नाही. घरात नवे मूल येत नाही, त्यामुळे घराला ही घटना जाणवत नाही. सहा आठवड्यांची विश्रांती चिठ्ठीवर लिहिलेली असते. ती मिळणे मात्र स्त्रीच्या मजुरीवर व घरातील माणसांवर अवलंबून असते. सोलापुरात हजाराच्या हिशेबाने विड्या वळणाऱ्या स्त्रीस बसून काम करता येते, परंतु सुटी घेतल्यास तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीस ही सवलतही नसते.

अनावश्यक शस्त्रक्रियांचा प्रश्न : सोलापूर हा साखर कारखान्यांची संख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांपैकी एक होय. गळीत हंगामात बीड व लगतच्या जिल्ह्यांतून सोलापूर, पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात तोडणी मजूर येतात. पतिपत्नींची जोडी मिळून एक ‘कोयता’ समजतात. मुकादम हंगामापूर्वी ‘उचल’ देतो आणि ती कामातून फेडावी लागते. एक दिवस काम चुकले, तर ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. कोपीत राहणाऱ्या या स्त्रियांना पुरेसे पाणी व शौचालय नसते. जोडीने तोडलेल्या उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन त्या वाहनात चढवतात. लहान वयातील लग्न, लागोपाठची बाळंतपणे व जंतुसंसर्ग यांमुळे त्यांना ओटीपोटाचे विकार जडतात. साध्या उपचारांसाठी पुन:पुन्हा दवाखान्यात जाणे म्हणजे खाडे वाढणे. अशा स्थितीत कर्करोगाची भीती घातली गेल्यास एकदाच पिशवी काढून मोकळे व्हावे, हा निर्णय सोपा वाटतो.

२०१९ मध्ये हा प्रश्न वृत्तपत्रांतून व विधिमंडळात गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोडणी स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे, म्हणजे सहांपैकी एकीचे, गर्भाशय काढल्याचे आढळले. वयोगट सर्वस्वी समान नसले, तरी तुलनेसाठी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा (२०१५–१६) आकडा लक्षात घेण्याजोगा आहे : १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांत हे प्रमाण ३·२ टक्के होते आणि सु. दोन-तृतीयांश शस्त्रक्रिया खाजगी रुग्णालयांत झाल्या होत्या. त्यानंतर बीडमधील खाजगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकाची पूर्वपरवानगी घेणे आवश्यक करण्यात आले. सोलापूरच्या सीमेवरील कलबुर्गी जिल्ह्यातही लंबाणी स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांविरुद्ध २०१५ मध्ये आंदोलन झाले होते.

गरिबी हेच एक कारण नव्हे. १९९४ मध्ये शिरूर (जि. पुणे) येथील शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. पाळीच्या काळातील स्वच्छता त्यांना राखता येत नाही, असे कारण देण्यात आले होते. तीव्र निषेधानंतर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबविण्यात आल्या. स्त्रीच्या देखभालीची सोय करण्याऐवजी तिचा अवयव काढणे सोयीचे मानले गेले, हा या घटनांतील समान भाग होय.

बिहार, छत्तीसगड व राजस्थानमधील तक्रारींवरून दाखल झालेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक गर्भाशयोच्छेदन रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. शस्त्रक्रियांची नोंद ठेवणे, चाळिशीच्या आतील स्त्रियांबाबत कारणे तपासणे आणि त्यासाठी जिल्हा, राज्य व राष्ट्रीय पातळीवर समित्या नेमणे यांवर त्यांत भर आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गर्भाशयोच्छेदन हा जिवावरचा अखेरचा उपाय होता. म्हणूनच तो विचारपूर्वक योजिला जाई. शस्त्रक्रिया सुरक्षित झाली, तशी तिच्याविषयीची ही सावधगिरी सैल झाली. योग्य कारणासाठी केलेले गर्भाशयोच्छेदन स्त्रीस वर्षानुवर्षांच्या त्रासातून सोडविते व प्राणही वाचविते. मात्र ‘ती खरोखर हवी काय?’ या प्रश्नापासून पूर्वकर्माचा आरंभ झाला पाहिजे. पश्चात्कर्मही टाके काढल्यावर संपत नाही. मजुरी न बुडता स्त्रीस सहा आठवडे विसावा मिळाला, तरच ते पूर्ण होते.